चोरून दिलेलं खोडरबर

आमचे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये खोडरबरं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. कापताना वाकडे गेलेले तुकडे ते अधूनमधून घरी आणायचे. गुलाबी, हिरवे, सेंटचा वास मारणारे. आई ते एका डब्यात ठेवायची आणि बजावायची, "शाळेत वाटत सुटू नकोस."

मी वाटत नव्हतेच. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत मी तेव्हा दुसरीत होते. एकीला दिलं की सगळ्या मागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकावरच्या मैत्रिणीलासुद्धा मी कधी डब्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

दिवाळीनंतर वर्गात एक नवीन मुलगी आली, खाडीकाठच्या कोळी वस्तीतली. ती डब्यात सुकट आणायची. तिने डबा उघडला की आमच्या रांगेतल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. मीही लावायचे. मला वासाचं काही वाटत नव्हतं, तरी लावायचे.

एकदा ऐन गणिताच्या तासाला मला उलटी झाली. मैत्रीण ओरडत बाकावरून उठून पळाली. बाई मावशींना हाक मारायला गेल्या. तेवढ्यात ही नवीन मुलगी आली आणि स्वतःच्या रुमालाने तिने माझी वही पुसली.

दुसऱ्या दिवशी मी तिला नळाजवळ गाठलं आणि एक गुलाबी खोडरबर तिच्या हातात कोंबलं.

"कोणाला सांगायचं नाही हं. घे शप्पथ."

तिने गळ्याला चिमटा घेऊन शप्पथ घेतली. मग महिन्या-दोन महिन्यांत आणखी तीन दिली, प्रत्येक वेळी नळाजवळच. वर्गात गेलं की मी माझ्या बाकावर, ती तिच्या. मला वाटायचं, आपण केवढ्या चांगल्या आहोत!

उन्हाळा लागला तशी एके दिवशी ती मोठा डबा भरून ताडगोळे घेऊन आली. तिच्या वडिलांनी काढलेले, सोललेले, थंडगार. मधल्या सुट्टीत सगळ्या मुलींनी तिच्याभोवती गर्दी केली. नाकाला रुमाल लावणाऱ्याही आल्या. ती एकेकीच्या हातावर ताडगोळा ठेवत गेली. माझा हात पुढे आला तसा तो ओलांडून तिने पलीकडच्या मुलीला दिला.

मला वाटलं, चुकून झालं असेल.

"अगं, मला?"

"तुला नाय."

"का?"

"तू मना नळाजवळ चोरून खोडरबर देतेस. यांच्यासमोर एकदा तरी दिलंस का?"

मग माझी बाकावरची मैत्रीण माझ्याकडे वळली. "हिला खोडरबर? आणि मला नाही?"

मैत्रिणीच्या रागाचं मला काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: या नवीन मुलीने गळ्याची शप्पथ घेतली होती आणि हिने सांगितलं. मी रडत बाथरूमकडे पळाले. मैत्रीण त्या दिवसापासून दुसऱ्या बाकावर बसायला गेली.

त्या संध्याकाळी मी आईला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातली होती तेवढी खोडरबरं फ्रॉकच्या खिशात भरून नेली आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना वाटली. रुसलेल्या मैत्रिणीने दोन घेतली. शेवटी मी त्या नवीन मुलीपुढे जाऊन उभी राहिले. सगळ्या बघत होत्या. मी हिरवं खोडरबर पुढे केलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे ना," मी म्हटलं.

"नको."

मी तशीच हात पुढे करून उभी. कुणीतरी हसलं. घंटा झाली तेव्हा कुठे मी हात खाली घेतला.

चौथीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. पाढे म्हणायला, कवायतीला शेजारी उभ्या राहायचो, बोलायचोही. पण एकमेकींच्या डब्यातलं काही कधी खाल्लं नाही. तिचं बरोबर होतं, हे मला आज कळतं. माझ्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तीही पटकन त्या मुलीच्याच बाजूने बोलली. तरीसुद्धा सांगता सांगता माझा आवाज चढला होता. शप्पथ घेतली होती तिने. मोडायला नको होती.