नऊशे वर्षांपूर्वी वारलेल्यांशी भांडण

मेलेल्या माणसांशी इतक्या तावातावाने भांडणारा इसम अख्ख्या परळात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांखेरीज दुसरा सापडायचा नाही. मेलेली म्हणजे कालपरवा नव्हे, चांगली आठशे-नऊशे वर्षांपूर्वी वारलेली. स्पेन, फ्रान्स, इजिप्त इथले ज्यू धर्मपंडित, म्हणजे रब्बाय. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता, आणि काकांनी गिरगावातल्या छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म काढला. त्यामुळे चाळीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत ते तांबड्या शाईने चुका दाखवायचे, पण खरा जीव हिब्रू पोथ्यांत. त्या पंडितांच्या घरच्या भानगडी तर ते शेजारच्या बिऱ्हाडातल्या असाव्यात तशा सांगत. "बायबलावर एवढं मोठं भाष्य लिहिलं रे त्या फ्रान्सवाल्याने, मुलगा एक नाही. नुसत्या मुली. पण जावई असे निवडले की नातू सगळे विद्वान. आणि एक नातू निघाला आजोबांच्याच चुका काढणारा!" यावर आमची ही चहा गाळता गाळता कळवळून म्हणाली, "मग म्हातारपणी त्यांना बघितलं तरी का कुणी?" तिला वाटलं, काकांचे पेणचे कुणी नातेवाईक.

काकांचे एक चुलतभाऊ दर रविवारी भायखळ्याहून त्यांच्याकडे वाचायला येत. ते मुलाकडे इस्राएलला गेले आणि आठवड्याभरात काका आमच्या दारात. "एकट्याने शिकणं हे आमच्यात शिकणंच नव्हे. समोर कुणीतरी 'नाही' म्हणणारा लागतो. तू ये." मी म्हटलं, काका, मी मालवणचा माणूस, मला हिब्रूचं एक अक्षर येत नाही. "अक्षरं माझ्याकडे आहेत. तू शंका घेऊन ये. बँकेत आयुष्यभर लोकांच्या सह्यांवर शंकाच घेतल्यास ना?"

असा मी दर रविवारी सकाळी वर जाऊ लागलो. ते एक ओळ हिब्रूत वाचत, मग मराठीत सांगत आणि चष्म्यावरून बघत. मी मान डोलावली की चिडत. एकदा हरवलेल्या वस्तूचं प्रकरण चाललं होतं. मालकाने आशा सोडली असेल, तर वस्तू सापडेल त्याची. मी विचारलं, "गणपतीच्या रांगेत चप्पल सापडली तर?" काकांनी पोथी मिटली. चौथ्या दिवशी मी दाढी करत असताना दार ठोठावून म्हणाले, "लालबागचा माणूस चपलेची आशा सोडतो का, हे आधी ठरवायला हवं," आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून गेले.

मग गुडघ्यांनी दगा दिला. तिसरा मजला जमेना. मुलगी इस्राएलहून आली आणि त्यांना घेऊन गेली. बॅगेतले स्वेटर काढून त्यांनी पोथ्या भरल्या, तिने पोथ्या काढून स्वेटर भरले. शेवटी दोन स्वेटर अंगावर चढवून काका विमानतळाला गेले. ऐन मे महिन्यात.

चार महिन्यांनी फोन आला. "अरे, इथे एका पाठशाळेत जातो. परवा मी शंका काढली, तर सगळे वळून बघायला लागले. मुख्य रब्बाय म्हणाले, कुणाकडे शिकलात? इथे प्रत्येकाला आपले पाच पिढ्यांचे गुरू पाठ असतात रे. मी काय सांगणार? म्हटलं, गुरू कुणी नव्हता, जोडीदार होता. तुझं नाव सांगितलं."

"माझं?"

"मग कुणाचं? त्यांनी विचारलं, हे कुठल्या घराण्यातले? मी म्हटलं, मालवणच्या."

"मग?"

"मग काय, वहीत लिहून घेतलं त्यांनी."

मी हसायला गेलो, पण हसू काही नीट आलं नाही. पलीकडून काका म्हणाले, "इथे सगळे फार हुशार आहेत रे," आणि फोन ठेवला.

वर आता नवं बिऱ्हाड आलंय. माणसं फार चांगली, कधी आवाज म्हणून नाही. रविवारी सकाळी मीच आपला टीव्ही जरा मोठा लावतो.