कौल आणि कौलं

त्रेचाळीस सालच्या भाद्रपदात आमच्या इंजिनिअर कंपनीला हुकूम आला : वेल्ह्याच्या डोंगरात जंगल ट्रेनिंग, कॅम्प पासलीजवळ. पुढे ब्रह्मदेशात जायचं होतं. तिथे पाऊस, चिखल, जळवा आणि झाडी. इथेही तेच, फक्त जपानी नाहीत, असं आमचे साहेब म्हणाले. कंपनीने कपाळाला हात लावला. मी मात्र खूश होतो. मी मार्गासनीचा आणि पासली माझं आजोळ. सरकारी खर्चाने मामाच्या गावाला गेलेला दुसरा नाईक मी तरी पाहिलेला नाही.

माझं नाव गोविंद गुरव. माझ्या सेक्शनमध्ये आम्ही मराठे मंडळी होतो, दोन शीख होते, रत्नागिरीकडचा यासीन होता आणि अलिबागकडचा लान्स नाईक बिन्यामीन थळकर होता. बिन्यामीन बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. घरात पिढीजात तेलाचा घाणा आणि शनिवारी तो बंद, म्हणून कोकणात यांना शनवार तेली म्हणत. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलायचा आणि ते मला वारंवार सांगायचा.

तुम्ही मुलकी लोक विचारता, इतक्या धर्मांची माणसं एका तंबूत राहायची कशी? उत्तर सोपं आहे. रोस्टर असायचा. शुक्रवारी सूर्य बुडाला की बिन्यामीन काम बंद करायचा. विस्तव पेटवायचा नाही, बिडीसुद्धा नाही. शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत त्याची फटिग, म्हणजे कॅम्पातली अंगमेहनतीची कामं, मी करायचो. माझ्या एकादशीला माझी तो करायचा. त्या महिन्यात रमजान होता. यासीनला पहाटेच्या जेवणासाठी उठवायचं काम बिन्यामीनकडे होतं, कारण त्याची झोप सशाची. डुक्कर दोघांनाही वर्ज्य, त्यामुळे टिनचा डबा उघडण्याआधी दोघं वकिलासारखे लेबल वाचत बसायचे. आमचे सुभेदार करतारसिंग भल्या पहाटे केस विंचरून, पाठ म्हणूनच परेडवर येत. पाठानंतरची त्यांची शांती आमची कवायत पाहीपर्यंत टिकायची.

फ्रंटवर जायचं ठरलं तेव्हा बिन्यामीनने एक पद्धत पाडली. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला शिकवून ठेवायचं, की मरताना माझ्या कानात काय म्हणायचं. मी त्याला रामनाम आणि तोंडात तुळशीचं पान सांगितलं. त्याने मला शिकवलं, "शेमा इस्राएल." ऐक इस्राएला, आपला देव एकच आहे. मी म्हणालो, "माझ्या बाजूला तेहतीस कोटी आहेत, तू एकावर कसा भागवतोस?" तो म्हणाला, "तुझ्या तेहतीस कोटींचं रेशनिंग करणारा तोच." यासीन हसून हसून लोळला.

त्या शनिवारी ओढ्यावर लाकडी पूल बांधायचा होता. बिन्यामीन काठावर सामानाच्या पहाऱ्याला होता, म्हणजे नावाला काम. आम्ही अलीकडे, कंपनीची दुसरी तुकडी आणि अँब्युलन्स पलीकडे. वर डोंगरात ढगफुटी झाली असावी. पाण्याचा रंग बदललेला मी पाहिला आणि "बाहेर या" म्हणून ओरडलो. तेवढ्यात लोंढा आला. पुलाचं सगळं लाकूड उचललं गेलं आणि कमरेला दोर बांधलेला यासीन खडकांच्या कपारीत अडकला. डोकं वर, मग खाली, मग दिसेना.

बिन्यामीनने बूट काढले नाहीत की परवानगी मागितली नाही. सरळ उडी टाकली. आमच्याच पुलाचं एक लाकूड फिरून आलं आणि त्याच्या मांडीत घुसलं. तरी त्याने यासीनला सोडलं नाही. आम्ही दोराने दोघांना ओढलं.

यासीन शुद्धीवर आला आणि त्याचा पहिला प्रश्न : "पोटात पाणी गेलं. रोजा तुटला का रे?"

"जीव वाचला ना?" बिन्यामीन म्हणाला. "मग बाकीचं वरच्याला ठरवू दे."

"आणि तुझा शनवार?"

"जीव वाचवायचा असला की शनवार बाजूला होतो. तसा कायदाच आहे आमच्यात." एवढं बोलून तो पांढरा पडला.

मांडीतून रक्त उसळत होतं. मेडिकल ऑर्डर्लीने पट्टा आवळला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "सर्जनकडे पोचला तर वाचेल. सकाळपर्यंत थांबलात तर खड्डा खणायला घ्या." वायरलेसवर आमच्या तुकडीचं नाव बेकर होतं. पलीकडच्या साहेबांचा आवाज आला.

"हॅलो बेकर. पेशंट पार करा. ओव्हर."

"लाकूड नाही, सर. ओव्हर."

"तुमच्या बाजूला झाडी आहे. तोडा. ओव्हर."

झाडी होती. ऐनाची सरळसोट झाडं, ओढ्याच्या चिंचोळ्या जागेवर पुरतील एवढी उंच. पण ती वाघजाईची राई होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. भोर संस्थानचे अंमलदारही तिथे कुऱ्हाड आणत नसत. आणि त्या राईचा पुजारी माझा सख्खा मामा, धोंडूमामा.

"गुरव, पेड काटो," सुभेदार म्हणाले.

मी कुऱ्हाड घेऊन वर गेलो. आरडाओरडा ऐकून मामा आधीच राईच्या तोंडाशी आला होता. डोक्यावर पावसाचं, पानांचं इरलं, अंगावर घोंगडी. वाटेत आडवा उभा राहिला.

"भाच्या, कुऱ्हाड खाली ठिव."

"मामा, माणूस मरतोय."

"दिसतंय मला. मी काय आंधळा न्हाई. पर ह्या झाडांस्नी कवा लोखंड लागलं न्हाई. मी गुरव हाय, मालक न्हाई. तिला इचारू. ती देती म्हनली तर मी सोता पयला घाव घालतो."

सुभेदारांनी विचारलं, "कितना टाइम?"

"देवी घेईल तितका," मी म्हणालो.

ते हुकूम पुन्हा देऊ शकले असते. त्यांनी बूट काढले आणि देवळाच्या दारात, चिखलात, अनवाणी उभे राहिले.

देऊळ म्हणजे चार दगडी भिंती, ऐनाच्या लांब तुळया आणि वर नळीची कौलं. आत शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, तीच देवी. मामाने तगरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ह्याला कौल लावणं म्हणतात. लहानपणी मी तो शेकडो वेळा पाहिला होता, बैल हरवला, लग्न जमेना असल्या कामांसाठी. पण अशी वाट कधी पाहिली नव्हती. मी उजव्या कळीकडे बघत होतो. खालून ओढ्याचा आवाज येत होता आणि यासीन ओरडत होता, "गोविंदा, लवकर! लवकर!"

कळी हलली. डावी पडली.

मला देवीचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आणि अगदी पायापासून आला. मी म्हणालो, "मामा, तुमची देवी आंधळी हाय. तो दुसऱ्यासाठी पाण्यात गेला, आपला देवाचा दिवस मोडून गेला. हिला एक झाड देववंना?"

मामाने कानाखाली ठेवून दिली नाही, हेच नवल. त्याने विचारलं, "कसला दिवस?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. शनवार, बंद काम आणि जीवासाठी सूट.

मामाने पडलेली कळी उचलली. वाटलं, पुन्हा लावतोय. पण ती त्याने देवीच्या पायाशी ठेवली आणि मान वर करून आढ्याकडे पाहिलं.

"लांबी पुरंल का रं त्यांची?"

"कुणाची?"

"तुळयांची. झाडं तिची हायेत, ती न्हाई म्हनली, इषय मिटला. पर हे घर तिचं न्हाई. आमी बांधलंय. आमचं आमी द्यायला तिला कशाला इचारू? कौल न्हाई दिला, कौलं नेऊ. चढ वर!"

गावातली माणसं जमली होती. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आरं धोंडू, देवी पावसात बसंल!"

"बसंल की. आपुन बसतोयच."

मी, दोन्ही शीख जवान आणि मामाची दोन पोरं वर चढलो. कौलं हातोहात खाली आली, वासे निघाले, मग तुळया. पाऊस सरळ तांदळ्यावर पडायला लागला आणि शेंदराचा ओघळ उंबऱ्यापर्यंत आला. मामाने डोक्यावरचं इरलं काढून देवीवर घातलं आणि स्वतः भिजत तुळईला खांदा दिला.

पलीकडून दोर फेकला गेला. तीन तुळया खडकांवर टेकवल्या, घट्ट आवळल्या. पाणी त्यांना खालून चाटत होतं. स्ट्रेचरच्या पुढे मी, मागे यासीन. मधोमध पाय ठेवला तशी तुळई करकरली आणि मी थांबलो. मागून यासीन म्हणाला, "थांबू नकोस. मी कलमा म्हणतोय, तू तुझं म्हण." मी राम म्हणायला लागलो. स्ट्रेचरवरून क्षीण आवाज आला, "आणि मी काय वाईट केलंय? माझंही म्हणा कुणीतरी." मग उरलेली वाट आम्ही तिघांनी कुणाचं काय म्हणतोय ते न बघता काढली. अँब्युलन्स नसरापूरच्या बाजूला निघून गेली तेव्हा सुभेदारांच्या हातात अजून बूटच होते.

बिन्यामीन वाचला. हिवाळ्यात थोडा लंगडत कंपनीत परत आला आणि रवाना होण्याआधी दोन दिवसांच्या रजेवर माझ्याबरोबर पासलीला आला. देवळावर पेंढा होता. तो दाराबाहेरच उभा राहिला.

"मामा, मी पाया पडणार नाही. मूर्तीपुढे वाकणं आमच्यात चालत नाही. राग मानू नका. पण लढाई संपली की हे छप्पर मी माझ्या हाताने घालीन. शब्द देतो."

"पाया कशापायी पडतूस? छप्पर घाल म्हंजी झालं," मामा म्हणाला.

पंचेचाळीस साली ब्रह्मदेशात एका पुलाच्या तोंडाशी सुरुंग काढताना तो गेला. मी पोचलो तेव्हा थोडा श्वास होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि शेमा म्हणालो. उच्चार चुकला असणार, कारण त्याच्या ओठांवर तो मला हसायचा तसं हसू आलं. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा म्हणालो. यासीनने माझा खांदा धरला तेव्हा मला कळलं की ऐकणारा गेला आहे. तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता. हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं.

लढाई संपल्यावर पासलीला गेलो, तर देवळावर अजून पेंढाच. गावाने लाकूड जमवलं होतं, कौलं रचून ठेवली होती, पण मामा कुणाला चढू देत नव्हता. "ज्यानं शब्द दिलाय त्यो येऊ दे." मी त्याला खरं सांगितलं. मामा बराच वेळ इरल्याची काडी मोडत बसला.

मग मी अलिबागकडे जाऊन बिन्यामीनच्या वडिलांना भेटलो. अबाजी थळकर, पाठीत वाकलेले, हात तेलाने काळवंडलेले. त्यांनी मुलाच्या मरणाबद्दल एकच विचारलं, "शेमा कुणी म्हटलं?" मी म्हणालो, "मी." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. निघताना मी छपराचं बोललो, बोलावं की नाही हे न कळून.

पुढच्या उन्हाळ्यात ते आले. नसरापूरपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने. यासीनही आला. म्हातारबुवा दारात उभे राहून म्हणाले, "मी मूर्तीसाठी आलो नाही. मुलाने दिलेला शब्द बापाला लागतो, तो पुरा करायला आलोय."

मामा म्हणाला, "आवो, मी तरी दुसरं कुठं काय मागतोय?"

शुक्रवारी दुपारपर्यंत तुळया, वासे आणि कौलं झाली. कौलांची शेवटची ओळ राहिली होती, नेमकी देवीच्या डोक्यावरची. तोरण्याच्या मागे आभाळ भरून आलं आणि गडगडायला लागलं. आणि सूर्य टेकला. म्हातारबुवा शिडीवरून उतरले, हात धुतले, डोक्यावर टोपी ठेवली.

"माझं आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत बंद. तुम्ही घाला, माझी हरकत नाही."

यासीन कौल घेऊन शिडी चढायला लागला. मी शिडी धरली.

"खाली उतरा," मामा म्हणाला. "कुणी चढायचं न्हाई."

"मामा, पाऊस येतोय. एकच ओळ राहिली."

"कळतंय मला. त्यो आपला शनवार मोडून पान्यात गेल्ता. तिला एक शनवार भिजाया काय हुतंय?"

त्याने आतून जुनं इरलं आणलं आणि देवीवर घातलं. वळीव रात्रभर पडला. शनिवारी देवळाकडे कुणी फिरकलं नाही. रविवारी सकाळी म्हातारबुवा चढले आणि शेवटचं कौल बसवलं. खाली उतरल्यावर भिंतीला टेकून ते पहिल्यांदा रडले, आणि मामा त्यांच्या शेजारी बसून राहिला.

त्यातलं आता कुणी राहिलं नाही. यासीनही गेला. मी मात्र वर्षातून एकदा पासलीला जातो. कौलं शाकारायची असली तरी शनिवारी त्या छपरावर कुणी चढत नाही. मागल्या खेपेला एका पोराला कारण विचारलं. तो म्हणाला, "देवीचा शनवार असतोय, बाबा."

मी त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं, देवीचा नाही. लान्स नाईक बिन्यामीन थळकरचा.