खालची अक्षरं

सकाळी नऊच्या सुमारास प्राचीचा फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, पप्पांना टेम्पोनं उडवलं," एवढंच बोलली पोरगी. मी पोहोचेपर्यंत मधुकर गांगुर्डे, माझा तीस वर्षांपासूनचा मित्र, गेलेला होता. टेम्पोवाला पोलिसांना एकच वाक्य परत परत सांगत होता, "मी हॉर्न दिला होता साहेब, तीनदा दिला." दिला असेल. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून तर मला आजही, पाच आठवडे झाले तरी, त्या वाक्याचा संताप येतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ऐकू येत नव्हतं तर एकटं बाहेर पडायचंच कशाला?" म्हणजे चूक मधूचीच. रस्त्याच्या कडेनं, पांढऱ्या पट्ट्याच्या आतून चालणाऱ्या माणसाची!

तो बहिरा जन्मला नव्हता. सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं प्रेसशॉपला होतो. दिवसभर पत्र्यावर घाव. कानात घालायचे प्लग आम्हाला दिसायचे ते फक्त बाहेरून कोणी पाहणीला यायचं त्या दिवशी. संध्याकाळी गोळा करून परत कपाटात. बेचाळिसाव्या वर्षी मधूला समोरच्याचं बोलणं कळेना, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं, 'वयोमानानुसार'. बेचाळिसाव्या वर्षी वयोमान! कानाचं मशीन लावलं की गोंगाट तेवढा वाढायचा, शब्द काही सुटे व्हायचे नाहीत. मग सुरू झालं ते सगळ्यात वाईट. लग्नात, पारावर, घरात लोक हसायचे. हा विचारायचा, "काय झालं?" आणि उत्तर ठरलेलं... "काही नाही, विशेष नाही."

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी नईमभाईंची सीडी लायब्ररी होती. मधूला पहिल्यापासून पिक्चरचा नाद. एकदा नईमभाईंनी त्याला एक डिस्क दिली आणि तोंडासमोर तोंड आणून सांगितलं, "हिच्यात खाली अक्षरं येतात बघा." अक्षरं इंग्रजी होती. दहावी नापास मधू मांडीवर डिक्शनरी घेऊन बसला. एक पिक्चर तीन-तीनदा बघायचा. दुसऱ्या दिवशी कामावर मला म्हणाला, "पगारे, ती अक्षरं काहीच गाळत नाहीत रे. कोणी खोकलं तरी लिहितात." त्यानंतर नईमभाई अक्षरं असलेल्या डिस्क त्याच्यासाठी वेगळ्या काढून ठेवायला लागले.

लायब्ररी बंद झाली तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते. नईमभाईंनी मधूला पिशवीभर डिस्क दिल्या, त्या त्यानं चरे पडेपर्यंत बघितल्या. मग प्लेअरच गेला. मोबाईलच्या दुकानातून पेनड्राइव्हवर पिक्चर भरून आणले, त्यांत अक्षरं नव्हती. म्हणून मी त्याला मॉलमधल्या थिएटरात नेलं. आधी ऑफिसात जाऊन विचारलं, अक्षरांचा एखादा खेळ असतो का? तिथला मॅनेजर हसला. "काका, हिंदीच पिक्चर आहे. हिंदी येत नाही का?" मी म्हटलं, यांना ऐकू येत नाही. तर तो मला म्हणतो, "मग पिक्चरला कशाला आणलं?" मधूला ओठ वाचता यायचे. त्यानं ते सगळं वाचलं.

तरीही आम्ही आत गेलो. प्रेसशॉपच्या आवाजात आम्ही कामगार हातांनीच बोलायचो, तसे मी संवाद हातांनी सांगू लागलो. मागून आवाज, "ओ काका, हात खाली घ्या!" तासाभरात माझे हात भरून आले. पडद्यावर बाप मुलाशी काहीतरी लांबलचक बोलला. मधूनं कोपरानं ढोसलं, "काय म्हणाला?" आणि मी... मी म्हणालो, "काही विशेष नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं आणि शेवटपर्यंत एकदाही विचारलं नाही. डॉक्टर, मॅनेजर, टेम्पोवाला यांच्यावर मी चिडतो, पण ते मधूचे कोणी नव्हते. मी होतो.

त्यानंतर तो माझ्याबरोबर थिएटरात आला नाही. त्यानं आपली वाट काढली. प्राचीच्या जुन्या लॅपटॉपवर शिकला की पिक्चरची अक्षरं इंटरनेटवर वेगळी मिळतात, ती जोडता येतात. ती दोन सेकंद मागंपुढं असली की ओठ बघून बघून, मशीनवर डाय सेट करावा तशी जुळवायचा. पण मराठी पिक्चरना अक्षरंच नव्हती. तेव्हा सुमनवहिनी आणि तो दुपारी बसू लागले. वहिनी एक वाक्य ऐकायच्या, पिक्चर थांबवायच्या, त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणायच्या आणि हा एका बोटानं टाईप करायचा. एका पिक्चरला महिना. मी एकदा म्हटलं, "अरे, गोष्ट कळली ना? बास की." भडकलाच. "गोष्ट पोस्टर बघून पण कळते. तो माणूस काय बोलला ते पाहिजे मला!" पिक्चर तयार झाला की रविवारी प्रेसशॉपमधले आणखी चौघे त्याच्याकडे यायचे. त्यांचेही कान तिथेच गेलेले.

गेल्या रविवारी मी वहिनींना भेटायला गेलो, तर ते चौघे आलेले. कोणी बोलावलं नव्हतं. कुठं बसावं कळत नसल्यासारखे भिंतीला टेकून उभे होते. वहिनींनी सतरंजी टाकली आणि मधू शेवटी अक्षरं घालत होता तो पिक्चर टीव्हीवर लावला. पाऊण तास अक्षरं येत होती. एका भांडणात बायको नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मला कधी विचारलंत का?" आणि तिथून पुढं खाली काहीच नव्हतं. पडद्यावर दोघं तोंडं हलवत राहिली. चौघे रिकाम्या कडेकडे बघत बसले... मी रिमोट शोधू लागलो.

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या, टीव्हीच्या बाजूला उजेडात जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला. पिक्चर थांबवला, चालवला, परत थांबवला. आणि त्या चौघांकडे तोंड करून, एकेक शब्द ओठांवर नीट उघडत, नवऱ्याचं वाक्य म्हणू लागल्या, मग बायकोचं.