सावलीतली मालकीण

आता आजारालाही काही रीतभात असावी की नाही? ताप येतो, घाम फुटला की उतरतो. महामायाच्या आजाराला मात्र ना आगा ना पिछा. आज बोटं अशी आखडायची की चहाची कपबशी धरवेना, आणि उद्या तीच बाई गव्हाचं पोतं ओढत न्यायची. शेजारीपाजारी दुसरं काय म्हणणार? नाटक.

जानेफळच्या या महामायाने घरच्या स्लॅबवर गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या, म्हणजे कुरडया, घालता घालता धंदा उभा केला होता. मेहकरच्या दुकानांत तिच्या नावाचं पाकीट लागायचं. लग्नसराईत रुखवतासाठी मागणी यायची. तिच्या आजीच्या हातचं पाणी वरच्या आळीतल्या ज्या घरांत चालत नव्हतं, तिथे आता नातीच्या हातच्या कुरोड्या तळल्या जात होत्या. हे ती बोलून दाखवत नसे. पण पहिलं छापील पाकीट आलं तेव्हा ते उशाशी घेऊन झोपली होती.

आणि नेमकी तेव्हाच गालांवर, नाकावर लाली चढली. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं पित्त. सब्जा झाला, गुलकंद झाला. शेवटी नवरा संघपाल तिला अकोल्याला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि ल्युपस असं नाव सांगितलं. "तुमचं शरीर स्वतःशीच भांडतंय. गोळ्या कायमच्या घ्यायच्या, आणि ऊन टाळायचं."

"मॅडम, माहा धंदाच उन्हाचा हाये."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि तेच पुन्हा सांगितलं. झालं! इकडे आड, तिकडे विहीर.

परतताना एसटीत ती संघपालला म्हणाली, "गावात कोनाले सांगू नका. अशा तोंडाच्या बाईच्या हातच्या कुरोड्या कोन घेईन?" त्याला काही पटलं नव्हतं, पण त्यानं ते पाळलं.

तेव्हापासून ती सावलीत बसू लागली. तरी गोंधळ काही मिटेना. सावलीत बसूनही सांधे ठणकत, आणि भर दुपारी बाजार करून आली तर काहीच होत नसे. बरं वाटलं ते गोळीनं की झोपेनं? दुखलं ते दह्यानं की दगदगीनं? ती मनाशी एक नियम बसवायची आणि दुसऱ्याच दिवशी आजार तो मोडायचा. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हिचं कोणत्या पावलानं यायचं आणि जायचं कुठं, देव जाणे.

त्यात वाळवणाची गावची रीत आडवी आली. बाया मिळून कुरोड्या घालतात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पण ज्या घरच्या कुरोड्या, त्या घरच्या बाईनं उन्हात बसून राखण करायची, कावळे-शेळ्या हाकलायच्या. महामाया बायांना मजुरी द्यायची, हे खरं. पण मजुरीनं कधी रीत सुटली आहे? मालकीणच जिन्याखाली बसून हुकूम सोडू लागली, तेव्हा बायांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

शेजारची चांगुणामावशी पहिल्या दिवसापासूनची सोबतीण. ती तोंडावर बोलली, "मोठी झाली व माया तू."

"तसं नाही, मावशी."

"मंग कसं?"

महामाया पाकिटं मोजायला लागली.

आणि एका सकाळी कुणी आलंच नाही. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पातेल्यात तयार होता. आज नाही घातला तर आंबणार, आणि लग्नघरची मागणी हातची जाणार. महामायानं थोडा चीक शिजवला, सोऱ्या घेतला आणि एकटीच स्लॅबवर गेली. सुजलेल्या बोटांनी दाबता दाबता ऊन डोक्यावर आलं. चेहरा पेटल्यासारखा झाला.

पलीकडच्या स्लॅबवरून चांगुणामावशीनं पाहिलं आणि ती तरातरा इकडच्या स्लॅबवर आली. "तोंडाले काय झालं तुह्या?"

महामायानं सोऱ्या खाली ठेवला आणि अकोल्यापासूनचं सगळं सांगून टाकलं.

"लागते का हे दुसऱ्याले?"

"नाही."

"मंग लपवलं काऊन? आमाले वाटलं, तुले आमच्यात बसाची लाज वाटते."

"मले वाटलं, तुमाले माह्या हाताची घिन येईन."

"बयताड हाये तू," म्हणत मावशीनं तिला दंडाला धरून जिन्याखाली बसवलं. डोक्यावर पदर ओढून स्वतः राखणीला उन्हात बसली आणि बाकीच्यांना निरोप धाडला. निरोपात आजारही सांगून टाकला.

बाया आल्या. उरलेला चीक शिजला, आणि दरवेळेसारखा थोडा ताटात काढून त्यावर तेल-तिखट घातलं. सगळ्याजणी जिन्याखाली ताटाभोवती बसल्या. ताटाला मात्र कुणी हात लावेना. वरच्या आळीतली पूनम तर एकदा ताटाकडे, एकदा महामायाच्या गालांकडे बघत होती. संपलं, तिला वाटलं. आजीचे दिवस परत आले, आणि तेही आपल्याच दारात.

"ताई, घ्या न," पूनम म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं. मालकीननं घेतल्याबिगर आमी कसं घ्यावं?"

महामायानं सुजलेली बोटं ताटात घातली. तिच्या मागोमाग पूनमनं घास उचलला, मग सगळ्यांनीच. महामायाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय दुखते व?" मावशी घाबरली.

"समजूनच नाही राह्यलं, मावशी," महामाया म्हणाली आणि खात राहिली.