पूजेनंतर बिल्ड होईना

तुमच्या ऑफिसात असं एखादं मशीन आहे का, ज्याला हात लावायला सगळे घाबरतात आणि का घाबरतात ते कुणालाच धड सांगता येत नाही?

आमच्या म्हैसूरच्या ऑफिसात होतं. आम्ही नवजात बाळांच्या वॉर्मरचं सॉफ्टवेअर लिहितो. वॉर्मर म्हणजे उघडा पाळणा आणि वर हीटर. बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर तापमान सांगतो, तसा हीटर कमी-जास्त होतो. सेन्सर सुटला तर वॉर्मरला वाटतं बाळ गार पडलं, आणि तो आणखी तापू लागतो. म्हणून सेन्सर सुटताच अलार्म वाजलाच पाहिजे.

दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी पिरियापट्टणकडच्या एका छोट्या नर्सिंग होममधून सिस्टर जयम्मांचा फोन आला.

"मॅडम, सेन्सर निघाला तरी तुमचा अलार्म झोपलेलाच. मी हात लावला म्हणून कळलं."

"बाळ कसं आहे?"

"बरं आहे. पण वॉर्डात मी एकटी. अलार्मच्या भरवशावर दुसऱ्या खोलीत जात होते. आता कशी जाऊ?"

वॉर्मर मॅन्युअलवर टाका, अलार्मवर विसंबू नका आणि बाळाचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने बघत राहा, असं मी सांगितलं. म्हणजे आमचं काम आम्ही त्यांच्या हातावर टाकलं.

चूक जेवणाच्या सुट्टीआधीच सापडली. दुरुस्ती किरकोळ होती. पण लिहिलेला कोड तसाच वॉर्मरमध्ये जात नाही. आधी त्याचं यंत्राला कळेल असं रूप करावं लागतं. त्याला बिल्ड म्हणतात. त्यात आपल्या कोडसोबत दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररीही लागतात. या डिपेन्डन्सी. आमचा बिल्ड फक्त कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर व्हायचा, कारण नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी सगळ्या लायब्ररी तिथे हाताने बसवल्या होत्या. कुठल्या आवृत्त्या, कुठून आणल्या, याची नोंद नाही.

त्या दिवशी बिल्ड होईना. मी ॲडमिन बघणाऱ्या गोपाळअण्णांकडे गेले. त्यांचं घराणं पिढ्यांपासून म्हैसूरचं. घरी मराठी, तीही कन्नडच्या वळणाची.

"अण्णा, कोपऱ्यातल्या मशीनला काय केलंत?"

"काय करणार ग? आयुधपूजा नव्हे का? सगळी मशीनं साफ केलो. जुनं काढून नवं सिस्टम घालून दिलो. कोळकट, धूळभरल्या मशीनला कुंकू लावतात काय?"

"त्यातच आमचं सगळं होतं."

"मेल टाकलो होतो की. एकानंही उत्तर दिलं नाही." मग शांतपणे म्हणाले, "देवराज मोहल्ल्यात माझा भाऊ पूजेआधी शिलाईचं मशीन अख्खं उकलतो, तेल घालतो, परत जोडतो. तुमचं एकदा पुसलं की गेलं? कसलं आयुध ग हे?"

मशीनच्या माथ्यावर अजून झेंडू होता.

लायब्ररींच्या ताज्या आवृत्त्या उतरवून मी बिल्ड केला. झाला. आमचे मॅनेजर मूर्ती सर खूश.

"आयतु, झालं की. पाठवून दे."

"टेस्ट करते आधी."

ऑफिसातल्या नमुन्याच्या वॉर्मरवर मी सेन्सर सुटा केला. अलार्म वाजलाच नाही. सेन्सरच्या आकड्यांतले बारीक चढउतार सपाट करणारी लायब्ररी नव्या आवृत्तीत जास्तच सपाट करत होती. अचानक झालेली घसरण तिच्यात विरघळून जात होती.

"सर, दुरुस्ती करूनही अलार्म मुकाच आहे."

"क्लायंटला आज देतो म्हणालोय मी."

"मग आज देणार नाही असं सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. तिथे बाई बाळाच्या पोटावर हात ठेवून बसली आहे, सर. तिला न वाजणारा अलार्म पाठवायला मी सही करणार नाही."

सरांनी फोन उचलला आणि वॉर्मर बनवणाऱ्या क्लायंट कंपनीला आज जमणार नाही असं सांगितलं.

उत्तर नमुन्याच्या वॉर्मरमध्येच होतं. त्यात आमचं जुनं, पूर्वी पाठवलेलं सॉफ्टवेअर होतं, आणि तयार सॉफ्टवेअरच्या पोटात बहुतेक लायब्ररी आपलं नाव आणि आवृत्ती मागे ठेवतात. ती शोधून काढली. ज्यांची सापडली नाहीत त्यांच्या जुन्या आवृत्त्या एकेक लावून बघितल्या. कंटाळवाणं काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुळलं. मग प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती कोडशेजारीच एका फाइलमध्ये नोंदवून टाकली आणि लायब्ररींच्या प्रती आमच्या सर्व्हरवर ठेवल्या.

"अण्णा, ते मशीन परत पुसा."

"नक्की?"

"अख्खं पुसा."

त्यांनी पुसलं. कोऱ्या मशीनवर एक कमांड दिली. बिल्ड झाला. नमुन्याचा सेन्सर सोडवला, अलार्म वाजला. पुन्हा सोडवला, पुन्हा वाजला.

नवं सॉफ्टवेअर बसलं त्या दुपारी जयम्मांचा फोन आला. "वाजतो. केवढ्यानं वाजतो हो. आता जेवून येते."

पूजेचा काही दोष नव्हता. एका मशीनच्या आठवणीवर चाललेल्या कामाला आम्ही व्यवस्था म्हणत होतो. तशा ऑफिसात कुणीतरी कधीतरी साफसफाई करतंच, आणि त्याची किंमत ऑफिसात न बसणारा माणूस मोजतो.

म्हणून एवढं करा. उद्या एक कोरं मशीन घ्या, तुमचा कोड उतरवा आणि कुणालाही काही न विचारता बिल्ड करून बघा. नाही झाला तर दुसरं काम हातात घेऊ नका.