पाच मोज

परवा अमरावतीला माझी लेक सहा महिन्यांचं पोट सांभाळत चटईवर बसली होती. मोबाइलमधली बाई सांगत होती, "आवळा, पाच मोजा, सोडा." मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "अगं, हे तर आमच्या मालिशवाल्या मावशीचं!" लेकीला वाटलं, आईच्या गप्पा सुरू झाल्या.

हीच लेक झाली तेव्हा मी अकोल्याला माहेरी होते. सकाळी आठला मावशी यायची, पाटावर बसवून कोमट तिळाचं तेल चोळायची, मग कढत पाणी. हात लोण्याचे, तोंड मात्र कारल्याचं. कधी हसायची नाही. फारच झालं तर पदर तोंडाशी. "खडूस हाय, पन हाताले गुन हाय," आई म्हणायची.

मी उलट. खिदळण्यापायी शाळेत छड्या खाल्लेली. पण बाळंत झाले आणि हसायचीच भीती बसली. हसलं, शिंकलं की लघवी सुटायची. मेली लाज! सांगणार कोणाला? नवरा रविवारी यायचा, काहीबाही गमती सांगायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायची. त्याला वाटायचं, रुसली. आता जन्मभर असंच का, म्हणून मला रडू यायचं.

त्यात आंघोळीनंतर आई जुन्या लुगड्यानं पोट करकचून बांधायची. "नाई तं मटक्यावानी सुटन!"

एकदा पाटावरच मला शिंक आली. मावशीनं ओळखलं. "काहून लपवून राह्यली वं? थेंब जातात ना?"

मी रडायलाच लागले.

"रडू नोको. लघवी रोकतो आपन, तसं अंदरून आवळ. दम रोकू नोको. पाच मोज. आता सोड."

त्या दिवसापासून आईनं पोट बांधलं की मावशी बाळ द्यायच्या निमित्तानं यायची आणि हळूच गाठ सैल करायची. "वरून इतकं दाबलं तं खालचं कसं टिकन?" बाळाला पाजताना मी मोजत बसायची.

सव्वा महिन्याच्या दिवशी लेकीनं आजीच्या नव्या पातळावर धार सोडली. "माय वं!" म्हणून आई उडाली आणि मी पोट धरधरून हसले. कोरडी! "मावशी, कोरडी!" मी ओरडलेच. मावशीनं पदर तोंडाशी नेला.

आई पातळ बदलायला गेली तेव्हा मी विचारलं, "मावशी, तुमाले कोनं शिकवलं हे?"

"दवाखान्यातली नर्सबाई एकीले सांगत होती, मी आयकलं."

"मंग तुमाले बी फायदा झाला असन."

"माह्यं काय वं आता? चार लेकरं झाली, दर खेपेले बाराव्या दिवशी वावरात निंदाले गेली. कोनाले सांगतं?" ती तेलाची वाटी पुसत म्हणाली, "हासनंच सोडलं म्या."

मी तिला लुगडं दिलं, खणानारळानं ओटी भरली, पाया पडले. ती गेली. पाट तिथंच होता. तिला त्यावर बसवून "मावशी, पाच मोजा" म्हणायचं मला सुचलं नाही.