चिंधीचा खाऊ

आमच्या जिन्याखाली शिलाईचं दुकान असलेले मास्तर कापडाला कात्री लावण्याआधी पुन्हा पुन्हा माप घेतात. पण कुत्र्याच्या एका पिल्लापुढे त्यांनी अक्कल गहाण ठेवली. पिल्लाचं नाव चिंधी. ती आली आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं काही खरं राहिलं नाही.

पिल्लू चांगलं वागलं की लगेच खाऊ द्यावा, असं मास्तरांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. त्यामुळे चिंधीने पळवलेली बाही तोंडातून सोडली, की ते खिशातून उकडलेल्या चिकनचा तुकडा काढून तिला देत. चिंधी हुशार निघाली. तुकडा हवा तर आधी बाही पळवायला हवी, हे तिने लगेच ओळखलं. मग ती बाही आणून मास्तरांच्या पायाशी टाकी आणि त्यांच्या खिशाकडे बघत बसे. "किती प्रामाणिक आहे बघा," असं मास्तर मलाच सांगत, माझ्याच पँटचा चघळलेला पाय हातात धरून.

मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, कोपऱ्यात काजं करत बसतात. लग्न झाल्यापासून दुकानातलं प्रत्येक काज त्यांच्याच हातचं. एखादं तिरकं गेलं तर मास्तरांना लांबूनही दिसतं. सरळ गेलेल्यांबद्दल ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

चिंधीने एका नवरदेवाच्या कोटाचं अस्तर फाडलं, तेव्हा काकूंनी निकाल दिला. आणखी एक कपडा गेला, की चिंधीची रवानगी त्यांच्या भावाकडे. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी काय केलं, तर चिकन दुप्पट उकडलं.

दुसऱ्या दिवशी मी पँट न्यायला गेलो, तर चिंधी काकूंच्या पायाशी मुकाट बसली होती. मास्तर मशीनवर होते. बऱ्याच वेळाने ती कंटाळून उठली आणि टेबलावरून लोंबणाऱ्या कॉलरकडे निघाली. मास्तरांचा हात लगेच खिशात गेला.

"अहो, इतका वेळ शहाण्यासारखी बसली होती, तेव्हा का नाही दिलंत?" काकू सुई न थांबवता म्हणाल्या. "गप बसून नीट काम करणाऱ्याकडे या दुकानात तुमचं लक्षच जात नाही."

मास्तरांना ते लागलं. त्यांनी चिंधीला बोलावून बसवलं आणि रिकाम्या तोंडाने बसल्याबद्दल तुकडा दिला. चिंधीने एकदा कॉलरकडे पाहिलं, तुकडा खाल्ला आणि बसूनच राहिली. मग मास्तरांनी काकूंच्या मांडीवरचा शर्ट उचलून एका हाताने उजेडात धरला.

"काजं सुरेख झालीत," ते म्हणाले.

मलाच भरून आलं. काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"भावाला आज नको कळवायला," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तो खिशातला हात आधी बाहेर काढा."